तात्यांचं गाजरगवत

"हात काढ! माठावरनं हात काढ, म्हातारे, न्हाईतर तोडीन!"

तात्या ओरडले तेव्हा मी तांब्या नुसता उचलला होता. राहुरीच्या अंगाला त्यांची डाळिंबाची बाग, तिथं मी गवत उपटायला मजुरीवर; आणि त्यांचा घसा असा की तिकडं भंडारदऱ्याच्या धरणात लाटा उठाव्यात. सावेडीहून त्यांचे पाहुणे आले होते. सगळे माझ्या हातांकडं बघायला लागले.

हात होतेच बघण्यासारखे. काळे, जाड, भेगाळलेले. घोरपडीनं बघितले असते तर थोरली बहीण म्हणून गळ्यात पडली असती. मान तशीच, पापण्या सुजलेल्या. खाज सुटली की मी बांधावरच्या बाभळीला पाठ घासायची. साल बाभळीची निघायची.

"महारोग हाय तिला," तात्या पाहुण्यांना म्हणाले. मग गोठ्यातली फिनेलची बादली आणली आणि माझ्या हातांवर ओतली. "धू. हितंच धू."

भेगांमध्ये फिनेल. मी हूं की चूं केलं नाही. थाप मारतेय. अशी किंचाळले की बागेतले पोपट उडाले ते थेट शिर्डीला दर्शनाला गेले. पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावले. एक जण हसला.

आणि त्याहून वाईट सांगू? मलाही ते पटलं. घाण माझ्यातच हाय. घरी जाऊन रोज कढत पाण्यात फिनेल घालून मी अंग घासलं. रक्त यायचं. मी आणखी घासायची.

शेवटी नगरच्या सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात उघड्या हातात धरला. किती तरी दिवसांनी कुणी धरला होता.

"आजी, हा महारोग नाही. कुणाला लागतही नाही. गाजरगवत उपटता ना, उघड्या हातांनी?"

"केस काळे होते तवापासून."

"त्याचंच आहे हे. वय झालं की कातडी पातळ होते, कोरडी पडते. त्यात ऊन, कढत पाणी, वर फिनेल! त्या गवताला आता हात लावायचा नाही."

गवत कुणाचं? तात्यांचं. बाग स्वच्छ तात्यांची, आणि रोगी मी!

दुसऱ्या दिवशी हाताला पिशव्या बांधल्या, बांधावरचं फुलावर आलेलं गाजरगवत कवळाभर उपटलं आणि तात्यांच्या ओट्यावर चढले. त्यांनी काठी घातली. काठी माझ्या खांद्यावर मोडली. मी नाही मोडले. त्यांची गचांडी धरली आणि ते गवत मानेवर, तोंडावर, कानामागं घासलं. पांढरी फुलं त्यांच्या मिशीत अडकली. आमच्या टोळीतल्या बाया सांगतात, नंतर मी त्यांना उचलून डाळिंबाच्या काट्यात फेकलं. चार बाया सांगतात तर मी कशाला नाही म्हणू?

"माझ्यापासनं न्हाई लागत, तात्या," मी म्हणाले. "हे तुमचंच हाय. ठिवा."

आठवडाभरानं शांताला तात्यांचा फोन आला. शांता आमच्या टोळीची मुकादम. तिनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"गवत माजलंय. बाया धाड. त्या म्हातारीला सोडून."

शांतानं आमच्याकडं बघितलं. तिनं बाही वर सारली. मनगटावर काळे चट्टे. शेजारणीनं सारली. तिलाही.

मग शांता फोनात म्हणाली, "हातमोजे आना. अन् म्हातारी माठावर बसल. आमी पानी तिच्याच हातचं पिनार."