अमेरिकन पाहुण्याचं पान

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या सालातली गोष्ट. तेव्हा मी निपाणीत तंबाखूच्या वखारीवर होतो. पुणे-बंगळूर रस्त्यानं लष्करी ट्रकांची अशी रांग लागायची, की रस्ता ओलांडायला थांबलेली गाभण म्हैस तिथंच व्यायची. त्यातला एक ट्रक इंजिन तापलं म्हणून आमच्या दारात थांबला आणि त्यातून एक काळा अमेरिकन सोल्जर उतरला. माणूस असा उंच, की दारातून वाकून आत आला तरी चार कौलं निसटली.

पाणी मागायला आलेला माणूस तंबाखूचा ढीग बघून थबकला. एक पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणाला, "माझ्या आज्यानं जन्मभर हेच पिकवलं. दुसऱ्याच्या शेतात."

माझं इंग्रजी चौथीत नापास झालेलं. पण तंबाखूची गोष्ट तंबाखूवाल्याला कळतेच.

वखारीतल्या बायका जेवायला बसल्या होत्या. भाकरी आणि चवळीची उसळ. ती बघून गड्याचे डोळे चमकले. एका बाईनं भाकरीवर उसळ घालून त्याच्यापुढं धरली, तर मीच आडवा आलो. "हे असलं काय देता पाहुण्याला? चला साहेब, बेळगावात पंगतीला बसवून पोटभर चवळी खाऊ घालतो. माझा शब्द!"

"दादा, घरात तुमालाच कोण वाढंना," ती बाई म्हणाली, "आन् पावण्याला वाढताय व्हय?"

बायका हसल्या. इंजिन निवलं तसा मी तडक त्याच्याबरोबर ट्रकात चढलो.

वाटेत तो सांगत होता, निम्मं सोप्या इंग्रजीत, निम्मं हातवाऱ्यांनी. त्याच्या पूर्वजांना साखळदंड घालून आफ्रिकेतून जहाजानं नेलं, आणि चवळी न् भेंडीही त्यांच्याबरोबरच समुद्रापार गेली. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी त्याची आजी भातात चवळी शिजवायची. वर्ष चांगलं जावं म्हणून. दोन वर्षं झाली, डब्यातल्या मांसाशिवाय त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. आणि बेळगावच्या कॅम्पातून ट्रक चारला हलणार होते.

पहिल्या खानावळीचा मालक त्याचा युनिफॉर्म बघूनच उठला. खुर्ची आणली, टेबल आणलं, दोन्ही बाहेर रस्त्यावर मांडली आणि पाव-आम्लेट मागवलं.

"आप्पा, आत पान मांडा. उसळ-भाकरी वाढा."

"खुळा काय तू? सायबाला भाकरी? उद्या पोलीस येतील न्हवं दारात!"

पाव-आम्लेट पोटात घालून आम्ही दुसरीकडं गेलो. आता मी शहाणा झालो होतो. म्हटलं, अण्णा, हा साहेब न्हाय, याचा आजा लोकांच्या शेतात राबायचा, आपल्यासारखाच गरीब. मालकाचा चेहरा उतरत्या उन्हासारखा झर्रकन बदलला. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय? मागल्या दारानं घ्या त्याला."

"काय म्हणतो?" सोल्जरनं विचारलं.

"उसळ संपली म्हणतो."

तो हसला. "मागचं दार दाखवलं न्? हात केला तेव्हाच कळलं. आमच्या गावी तेवढंच दार आम्हाला."

माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती. तिसऱ्या खानावळीत मी त्याला हबशांच्या मुलखाचा राजा केला. सात हत्ती दिले, तीन राण्या दिल्या. मालकानं हात जोडले, "राजेसाहेबांना आमचं साधं जेवण कसं वाढू?" आणि रस्त्यावर खुर्ची आली. पाठोपाठ पाव-आम्लेट! या अख्ख्या गावात एक तर साहेब राहतो, न्हाय तर मागल्या दारचा. भुकेला माणूस म्हणून कुणाला बसायला जागाच न्हाय!

तीन वाजले. टांगा केला आणि टिळकवाडीत थोरल्या बहिणीच्या घरी गेलो. मेव्हणे वकील, कोर्टात गेलेले.

"आक्का, पाहुणा आणलाय."

"कोण रं ह्यो?"

या वेळी थापा न्हायत. साखळदंड, जहाज, आजी, चवळी, सगळं जसंच्या तसं सांगितलं. आक्कानं पदरानं डोळे पुसले. "अगं बाई! सकाळची उसळ हाय की. दोन भाकऱ्या टाकते, बसा."

माझी छाती फुगली. म्हटलं, शब्द राखला!

आक्कानं केळीचं एक पान बाहेर पडवीत मांडलं. दुसरं आत, स्वयंपाकघरात.

"तू आत ये रं."

"मी इथंच बसतो की त्याच्याजवळ."

"बस की. मग सासूबाईंना काय सांगायचं ते तूच सांग. मी न्हाय सांगणार."

सासूबाई आत जपमाळ ओढत होत्या. माळ थांबली होती.

दिवसभर तीन खानावळवाल्यांचे बाप काढलेला मी, उंबऱ्यात उभा राहिलो. तोवर आक्कानं त्याच्या पानावर हात उंच धरून उसळ वाढली. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले. "डुकराची चरबी हवी होती थोडी," म्हणाला, "बाकी आजीचीच." मग माझ्याकडं बघून, "तू नाही बसणार?"

"आत बसतो," मी म्हणालो.

आत बसून मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. भूक लागली होती, खोटं का बोलू? बाहेर आलो तर तो जेवून उठला होता. पडवी त्यानं पाण्यानं पुसून घेतली होती, आणि गुंडाळलेलं उष्टं पान हातात धरून ते कुठं टाकायचं म्हणून इकडंतिकडं बघत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.