पाठमोरी सीट

माझ्या मुलीची गाडीतली सीट मी टोमॅटोच्या जाळ्या बांधायच्या दोरीनं बांधली.

एवढं लिहून थांबलो असतो तरी चाललं असतं. घरच्यांना पुढचं सगळं पाठ आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ते चहाबरोबर सांगतातही. पण त्यांच्या सांगण्यात मी नुसताच मूर्ख दिसतो. माझ्या सांगण्यातही दिसेन, फक्त का मूर्ख झालो तेही कळेल. माझ्यासारखे जे बाहेर गेलेत त्यांना ते लगेच कळेल. जे घरी राहिले त्यांना नाही कळलं तरी चालेल, कारण माझी जळते ती त्यांच्यावरच.

मी सायखेड्याहून निघालो तो नानांच्या जीपमधून. नाना म्हणजे माझे वडील. पुढं तिघं बसलेले: नाना गाडी चालवायला, मधे आई आणि खिडकीशी धाकटा योगेश, कारण त्याला गाडी लागते. मला गाडी लागत नाही, म्हणून मी मागं, आणि मागचा बाक बॅगांनी भरलेला म्हणून त्याच्याही मागं, रिकाम्या जाळ्यांमध्ये. जाळ्या म्हणजे ज्यात टोमॅटो भरून मार्केटला जातात ते प्लॅस्टिकचे क्रेट. त्यातल्याच एका पालथ्या जाळीवर मी मागच्या उघड्या दाराकडं तोंड करून बसलो होतो. त्यामुळं घर लहान होत जाताना मी नीट पाहिलं. मग कांद्याची चाळ लहान झाली, मग गोदावरीवरचा पूल. डोळे भरून आले होते आणि नेमकं तेव्हा मागून आईचा आवाज आला. मला वाटलं, मला काही सांगतेय. ती योगेशला विचारत होती, लिंबू हुंगायला देऊ का.

मी देश सोडून चाललो होतो आणि तिनं लिंबू त्याला दिलं.

नाशिकला बसस्टँडवर उतरताना नानांनी मला निरोपाचं एकच वाक्य सांगितलं. "जाळीवरून उठताना बेतानं, फुटंल ती."

पुढं मी स्वीडनमध्ये गोथेनबर्गला स्थिरावलो. गाड्यांच्या दारांना जे रबर असतं, पाणी आणि वारा आत येऊ नये म्हणून, ते करणाऱ्या एका कारखान्यात मी आहे. घरी सांगताना मी 'गाड्यांच्या कंपनीत' असं सांगतो. आई शेजारणींना सांगताना 'गाड्या बनवतो' म्हणते. दोघंही आपापल्या परीनं माझी लाज राखतो.

तिथं मृण्मयीशी संसार मांडला, ईरा झाली. बर्फ, अंधार, पाळणाघराची रांग हे सगळं अंगवळणी पडलं. तिकडं लहान मुलं गाडीत पाठमोरी बसतात. सीटचं तोंडच मागं असतं, पोरं चार वर्षांची होईस्तोवर. गाडी जोरात थांबली की मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड असल्यामुळं पुढं फेकलं जातं आणि मान इवलीशी असते. पाठमोरं बसवलं की सगळा धक्का सीटच्या पाठीवर जातो. हे मला तोंडपाठ होतं. करायची मात्र सगळं मृण्मयी. सीट बसवणं, पट्टे ओढणं, तपासणं. मी मधे हात घालायला गेलो की ती म्हणायची, "तू फक्त दार उघड." एका अर्थी बरोबरच होतं, दाराचं रबर माझ्याच खात्यातलं.

आणि दर रविवारी आईचा फोन. योगेशनं शिमला मिरचीला शेडनेट केलं. योगेशनं नानांचं डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. योगेशनं नवी गाडी घेतली. त्या गाडीपुढं नारळ फोडतानाचा व्हिडिओ मला तिघांनीही वेगवेगळा पाठवला. मी तिकडं गाडी घेतली होती तेव्हा आई एवढंच म्हणाली होती की तिकडं जायला जागा तरी कुठाय रे.

या थंडीत मी ईराला घेऊन आलो. मृण्मयीला रजा मिळाली नाही, म्हणून बापलेक दोघंच. सामानात सीट होती. मुंबईला योगेश आणि आई घ्यायला आले, सीट डिकीत गेली आणि ईरा आईच्या मांडीवर. मी झोपेनं मेलो होतो, बोललो नाही. कसारा घाट संपला तेव्हा जाग आली, तर माझी मुलगी, जी पाळणाघरातल्या बाईंना ओळखायला सबंध हिवाळा घेते, ती गाडी चालवणाऱ्या योगेशला "काका, परत" म्हणत होती. तो तोंडानं म्हशीचा आवाज काढत होता. त्याचं अजून लग्न व्हायचंय, पोरं सांभाळायचा अनुभव शून्य. फक्त म्हैस येते.

सायखेड्यात उतरल्यावर ती माझ्याकडं आलीच नाही. सकाळी काकाच्या खांद्यावर, दुपारी काकाच्या ट्रॅक्टरवर, जेवताना काकाच्या ताटात. मी हाक मारली तर मान वळवून बघायची, ओळखीचं माणूस बघावं तसं, आणि परत म्हैस.

मग मला सीट आठवली. खरं सांगतो, सुरक्षितता दुसऱ्या नंबरला होती. अख्ख्या घरात ती एकच जागा अशी होती जिथं ती काकाच्या मांडीवर बसू शकत नव्हती.

आईला वणीच्या देवीला नात दाखवायची होती. मी अंगणात सगळ्यांना जमवलं आणि जाहीर केलं की यापुढं ईरा गाडीत कुणाच्याही मांडीवर बसणार नाही. मग डोकं, मान, धक्का असं पूर्ण व्याख्यान दिलं. नाना ऐकून घरात गेले. आईनं सीटभोवती एक फेरी मारली.

"लेकराला पाठ करून का बसवायचं? काय गुन्हा केलाय तिनं?"

योगेश शांतपणे म्हणाला, "दादा, माझ्या गाडीत सीट अडकवायचे हुक हायेत. मागच्या बाकाच्या फटीत. तीच घेऊ."

मी म्हणालो, नाही, नानांच्या जीपनं जाऊ. का, तर आईला तिच्यात मोकळं वाटतं. आईला असलं काही वाटत नव्हतं. पण ती जीप माझी होती. म्हणजे कागदोपत्री नानांची, पण मी तिच्यावर गाडी शिकलो होतो, तिच्यातूनच गेलो होतो. या घरात योगेशनं न आणलेली, न बदललेली तेवढीच एक वस्तू उरली होती.

जीपच्या मागच्या बाकाला पट्टे नव्हते. होते कधीकाळी. नानांनी ते कापून फवारणीच्या पंपाला खांद्यावर घ्यायला लावले होते. तरीही मी हटलो नाही. खळ्यातली नायलॉनची दोरी आणली, बाकाखालून घेतली, सीटवरून घेतली, पुढच्या सीटच्या पाइपला दोन वेढे दिले आणि गाडीत माल भरल्यावर मारतो तशी गाठ मारली. या गाठीत मी पोरवयात तरबेज होतो. एक पाय बाकाला लावून ओढली. दोरी तंबोऱ्यासारखी वाजली.

योगेशनं ती बोटानं छेडून पाहिली. "गाठ भारी हाय, दादा. माल कुठल्या मार्केटला टाकायचा?"

मी हसलो नाही. तेवढ्यात आईनं सीटमध्ये चौघडी गोधडी घातली, प्लॅस्टिक टोचतं म्हणून. स्वेटर घातलेल्या ईराला मी त्या गोधडीवर बसवलं, वरून पट्टे ओढले आणि ते घट्ट दिसले. मृण्मयी कधीच असलं काही खाली घालू देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण आईनं माझ्या बाजूनं केलेली ती त्या दिवसातली पहिली गोष्ट होती.

नाना घरी थांबले. मी जीप चालवत होतो. मागं ईराच्या एका अंगाला आई, दुसऱ्या अंगाला योगेश. पिंपळगाव ओलांडलं, दोन्हीकडं द्राक्षाचे बाग सुरू झाले. मी मजेत होतो. वेगही बेताचाच होता. एका वळणाआधी बागेतून ट्रॅक्टर थेट रस्त्यावर आला आणि मी ब्रेक मारला.

ट्रॅक्टर निघून गेला. कुठं काही लागलं नाही. पण मागं वळून पाहिलं तर सीट कलंडून पुढच्या दोन सीटच्या मधे अडकलेली. गोधडी खालून सटकली होती आणि तिच्याबरोबर ईराही खाली घसरलेली. छातीवरचा पट्टा हनुवटीला लागला होता. योगेशचा हात तिच्या डोक्यामागं होता, तो कधी गेला ते त्यालाही सांगता आलं नसतं. गाठ मात्र जशीच्या तशी. गाठ सुटली नव्हती, पोरगी सुटत होती.

त्यानं तिला बाहेर काढलं. ती रडली आणि दोन्ही हातांनी त्याच्या गळ्याला बिलगली. माझे हात स्टिअरिंगवर होते, ते निघेनात. पहिली आली ती भीती, हे मी शपथेवर सांगतो. पण तिच्या पाठोपाठ, अगदी लगेच, दुसरं आलं: गेली ती त्याच्याच गळ्यात. अशा वेळीसुद्धा माणसाची जळू शकते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आईनं गोधडीची घडी केली आणि परत मोडली. योगेश म्हणाला, "दादा, पोरीला घेऊन ही गाडी आता पुढं नाय जायची." त्यानं नानांना फोन करून स्वतःची गाडी मागवली.

नाना येईपर्यंत आम्ही रस्त्याकडेच्या चिंचेखाली उभे होतो. मी मृण्मयीला फोन लावला. सगळं सांगितलं. दोरी म्हणताना आवाज जरा खाली घेतला, पण तिनं ऐकलं. मग म्हणाली, "फोन भाऊजींना दे."

गाडी आल्यावर फोन आईच्या हातात, आईनं कॅमेरा धरलेला, तिकडून मृण्मयी सांगतेय आणि योगेश बाकाच्या फटीत हात घालून हुक शोधतोय. खट झालं, पुन्हा खट झालं. दोन्हीकडं हिरवी खूण आली का, वहिनीनं विचारलं. आली. सीट धरून हलवून बघा. हलत नाही. ईराचा स्वेटर काढा, त्यानं पट्टा सैल राहतो. पट्टा पिळलेला नको. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. त्यानं बघितला, चिमटीत येईना, म्हणजे घट्ट. आणि गोधडी? योगेशनं माझ्याकडं हात केला. ती मीच छातीशी धरून उभा होतो. पट्टे लावून झाल्यावर त्यानं ती ईराच्या अंगावरून पांघरली, वरून. फोनमधून मृण्मयी म्हणाली, "छान केलंत, भाऊजी." मला तिनं छान म्हटल्याला किती हिवाळे झाले ते मी मोजत बसलो नाही.

पुढं योगेश चालवायला, शेजारी आई. तिनं पिशवीतून लिंबू काढलं. मला वाटलं त्याच्यासाठी. पण तिनं न वळता हात मागं केला. "घे. तोंड उतरलंय तुझं." मला गाडी लागत नाही हे मी तिला सांगितलं नाही. सबंध रस्ताभर हुंगत बसलो.

मी ईराच्या शेजारी होतो. ती पाठमोरी, मागच्या काचेतून बघत. मधेच हसायला लागली. मीही अंग पिळून मागं पाहिलं. नाना जीप घेऊन आमच्या मागं येत होते. आम्ही हळू झालो की जीप मोठी व्हायची, वळण आलं की दिसेनाशी व्हायची, मग पुन्हा यायची. प्रत्येक वेळी ईरा हात करायची. मागं तोंड करून बसलं की घर लहानच होत जातं, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. हिच्या काचेत ते हॉर्न वाजवत पाठीमागं येत होतं. इथं मला तिचाही हेवा वाटला, म्हणजे यादीत स्वतःची मुलगीही आली. तिला कुठून तरी निघाल्याचं माहीतच नाही. जिथं तिचं तोंड आहे तिकडून कुणीतरी आपलं येतंय, तिच्या लेखी घर एवढंच. तिथं पोचायला मला लय वेळ लागणार आहे आणि तोवर जळत राहणार आहे. पण त्या दिवशी मान दुखेस्तोवर मी मागं बघत बसलो.

दर्शन झालं. पायऱ्या उतरून गाडीपाशी आलो तेव्हा मी ठरवलं होतं की आता पट्टे मी लावणार. सगळं डोक्यात बसलं होतं: स्वेटर, पीळ, चिमटी, गोधडी वरून. ईराला उचललं, सीटमध्ये ठेवलं आणि पट्टा हातात घेतला. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं, मग पलीकडं उभ्या योगेशकडं. माझी बोटं एकेक करून पट्ट्यावरून काढली आणि थेट आईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, आवाजात म्हणाली,

"बाबा, तू फक्त दार उघड."