पोर्टाकॅबिनमधला चुंबकाचा तास

मला राग लवकर येतो, आणि माझं चुकलं असं कुणी चारचौघांत सांगितलं तर फारच लवकर येतो. आखातात, अजमानच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हाही माझा स्वभाव असाच होता, आणि नोकरी टिकवायची तर तो आवरायला हवा, हे मला कळत होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवरा शारजात एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनियर. ठाण्यात मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठ वर्षं विज्ञान शिकवलं होतं, पण इकडे आल्यावर पहिली दोन वर्षं घरातच काढली. नवरा आणि मुलगा सकाळीच बाहेर पडायचे, मग मी एसीची घरघर ऐकत डाळ निवडत बसायचे. पाकिटातली डाळ निवडलेलीच असायची, तरी निवडायचे. मला शाळा हवी होती. फळा, खडू, गोंगाट, सगळं हवं होतं.

शाळा शेवटी मिळाली, पण सहा महिन्यांच्या बोलीवर. सहाव्या महिन्यात सुपरवायझर बाई एका तासाला वर्गात येऊन बसणार, फॉर्म भरणार, आणि त्यावर मला कायम करायचं की नाही ते ठरणार. स्टाफरूममधल्या हैदराबादी मैत्रिणीने मला धीर दिला तो असा, की पसंत पडलं तर इन्शाल्ला कायम, नाहीतर खलास. सुपरवायझर बाई मल्याळी होत्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसायच्या, आणि त्यांना हसताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्या तासासाठी मी चुंबकाचा धडा निवडला. ठाण्यात तो इतक्यांदा शिकवला होता की झोपेतही शिकवला असता. अडचण होती ती इंग्रजीची. म्हणून आठवडाभर संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी उभी राहून नवऱ्याला आणि मुलाला धडा ऐकवला. नवरा मान डोलवायचा. मुलगा म्हणायचा, “मम्मा, यू सेड दॅट ऑलरेडी.”

शाळेत मुली मावत नव्हत्या, म्हणून सहावीचे वर्ग मैदानातल्या पोर्टाकॅबिनमध्ये भरायचे. ट्रकवरून तयार खोली आणून ठेवायची, वीज जोडायची, झाला वर्ग. आतून भिंतींना गुळगुळीत पांढरे तक्ते लावलेले असल्यामुळे बाहेरचा पत्रा डोक्यातूनच जायचा. निदान माझ्या तरी गेला.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी वर्गात तालीम केली. फळ्याशेजारच्या खुंटीला दोरा बांधला, कागदाच्या झोळीत पट्टीचुंबक ठेवला आणि सोडला. तो फिरला, डुलला आणि एसीच्या भिंतीकडे तोंड करून थांबला. तीनदा सोडला, तिन्ही वेळा तिकडेच. मला दिशा कधीच कळलेल्या नाहीत. ठाण्यात पूर्व म्हणजे स्टेशनची पूर्व बाजू, एवढंच माझं ज्ञान. चुंबक दाखवतोय म्हणजे उत्तर दिशा तिकडेच, असं धरून मी लाल मार्करने मोठ्या अक्षरांत ‘नॉर्थ’ लिहिलं आणि तो कागद त्या भिंतीवर चिकटवला. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते.

दुसऱ्या दिवशी तास छान सुरू झाला. खिळे, टाचण्या, पितळेची किल्ली, प्लास्टिकची पट्टी, सगळं झालं. इंग्रजीही अडखळलं नाही. मागच्या बाकावर बाईंचं पेन चालू होतं. मग मी झोळीतला चुंबक सोडला, तो शहाण्यासारखा माझ्या कागदाकडे वळला, आणि मी म्हटलं की मोकळा टांगलेला चुंबक नेहमी दक्षिणोत्तर राहतो. चाळीस मुलींनी ते वहीत उतरवलं.

एका मुलीने मात्र उतरवलं नाही. दुसऱ्या रांगेतली, पांढरा स्कार्फ बांधलेली, फारशी न बोलणारी. तिने हात वर केला.

“मॅम, दॅट इज नॉट नॉर्थ.”

माझे कान तापले. मी विचारलं, तुला कसं माहीत? ती उभी राहिली आणि शांतपणे सांगू लागली. शाळेच्या नमाजाच्या खोलीत भिंतीवर किब्ल्याचा, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा बाण आहे. तिथून मक्का जवळजवळ पश्चिमेला. त्या बाणाकडे तोंड केलं की उजव्या हाताला उत्तर. तिने हात लांब करून दाखवला. तो सरळ फळ्याकडे गेला. माझा कागद होता डाव्या भिंतीवर.

मागचं पेन थांबलं. मला त्या मुलीचा राग आला, हे कबूल करते. आजच बोलायचं होतं हिला? ‘सिट डाउन, पुस्तकात काय लिहिलंय ते बघ’ हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर ती बसली असती, बाकीच्या मुलींना काही वाटलं नसतं, आणि तासही वेळेत संपला असता. पण बाई बघत होत्या. चुंबक झोळीतून काढून मी भिंतीपाशी नेला, तेव्हा हातात ओढ जाणवली आणि तक्त्यावर टक् करून तो चिकटलाच. वर्ग हसला. तक्त्यामागे लोखंडी पत्रा, शेजारी खिडकीतला एसी. बिचारा चुंबक दुसरीकडे बघणार तरी कसा?

मी कागद ओढून काढला आणि म्हटलं, “आय वॉज राँग. शी इज राइट.” ही दोन वाक्यं मी घरी टेबलाशी घोकलेली नव्हती.

मग मुलींना बाहेर चला म्हटलं. पाठाच्या टाचणात हे कुठेच नव्हतं. “यल्ला,” म्हणत चाळीसजणी पायऱ्या उतरल्या. मी थेट व्हॉलीबॉलच्या खांबाला दोरा बांधायला गेले, तेव्हा तिघीचौघींनी एका सुरात सांगितलं की मॅम, तोही लोखंडाचाच आहे. शेवटी मैदानाच्या मधोमध उभी राहून लाकडी पट्टी हातात आडवी धरली आणि तिला झोळी टांगली. पण फेब्रुवारीचा वारा सुटलेला, चुंबक गरागरा फिरू लागला. मी मुलींना माझ्याभोवती खेटून गोल करायला सांगितलं. एका बाजूला फट राहिली आणि वारा तिथून येत राहिला. तेव्हा सुपरवायझर बाई फॉर्म छातीशी धरून पुढे आल्या आणि त्या फटीत उभ्या राहिल्या.

चुंबक हळूहळू स्थिरावला. ती मुलगी माझ्या समोरच होती. तिचा हात ज्या दिशेला गेला होता, त्याच दिशेला तो थांबला. मुली श्वास रोखून बघत होत्या, आणि खरं सांगते, त्या क्षणी मी नोकरीचं विसरून गेले. मला फार आनंद झाला होता.

तो आनंद बाईंच्या खोलीत जाईपर्यंत टिकला. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. ‘पाठ ठरल्याप्रमाणे झाला का’ याच्यापुढे ‘नाही’ लिहिलेलं. विषयाचं ज्ञान, याच्यापुढे सहापैकी तीन. सायन्सच्या टीचरला लोखंडी खोली ओळखता येऊ नये, याबद्दल त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं आणि मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. मनात मी पुन्हा डाळ निवडायला बसले होते.

मग त्यांनी विचारलं, “टीचर, इफ आय वॉज नॉट सिटिंग देअर, व्हॉट वुड यू हॅव डन?”

सांगण्यासारखं गोड खोटं बरंच होतं. पण आज एकदा खरं बोलून झालंच होतं, म्हणून मी सांगून टाकलं की तिला खाली बसवलं असतं.

बाई हसल्या. पहिल्यांदाच. म्हणाल्या, मीही कित्येक वर्षं तेच केलं. आणि त्यांनी फॉर्मवर खाली सही केली. कायम.

दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावर कुणी नव्हतं. मी फळ्यावर चुंबकाची आकृती काढून बलरेषांना बाण देत होते. मागे वळले तर त्याच मुलीचा हात वर. दोन बाण उलटे काढले होते मी. राग आला, चांगलाच आला. वर्गात बघणारं कुणी नव्हतं. मी खडू ठेवला, डस्टर उचलून तिच्यापुढे धरलं आणि म्हटलं, ये, तूच पूस.