एक गरम कादंबरी घेऊन गासला

मर्सीने कुरियरने पुस्तक पाठवलं. सोबत वहीच्या कागदावर दोन ओळी होत्या: "अलिशाने लिहिलंय. वाच आणि ये. फोनवर बोलायचं नाही."

मर्सी आणि मी नाशिकला डी.एड.च्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो. पुढे ती वसईजवळच्या गास या तिच्या गावी प्राथमिक शाळेत लागली, मी नाशिकलाच मराठी शिकवत राहिले. आता दोघीही निवृत्त आहोत. अलिशा ही तिची एकुलती एक मुलगी, वय तेवीस, जाहिरातींच्या कंपनीत कामाला. तिने टोपणनावाने कॉलेजच्या प्रेमाची कादंबरी लिहिलीय, हे मला त्या कागदावरूनच कळलं. मुखपृष्ठावर शर्टाची बटणं लावायला विसरलेला एक तरुण होता. त्याला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि सकाळच्या नालासोपारा एसटीत बसले.

इगतपुरीपर्यंत नायिका रिया वसतिगृहात पोचली होती. कसारा घाट लागला आणि विहान आला. विहान श्रीमंत, रागीट आणि तालीमबाज. तो रियाला पहिल्याच भेटीत उद्धटपणे बोलतो, त्यामुळे पुढे काय होणार हे मलाही कळलं. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या बाईने कबूल करायला हवं, की या खेपेला तिने घाटातली दरी पाहिली नाही. दरीच्या वेळी विहान आणि रिया ग्रंथालयात अडकले होते आणि दिवे गेले होते. तीनशे पानांच्या त्या कॉलेजात एकही तास झाला नाही, परीक्षा तर कुणाच्या स्वप्नातही आली नाही. ग्रंथालयातलं एकही पुस्तक कुणी उघडलं नाही. मी मनातल्या मनात लाल शाईने शेरे मारत होते आणि पानं मात्र भराभर उलटत होते.

शहापूरला शेजारची मुलगी जागी झाली. ती विरारची, नाशिकला फार्मसी शिकणारी. थोडा वेळ तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं आणि म्हणाली, "काकू, सॉरी हां, पण हे विहानवालं बुक आहे ना?"

मी कव्हर पुन्हा चापूनचोपून बसवलं. "तुला कसं कळलं?"

"लायब्ररी सीन आहे ना. आमच्या होस्टेलमध्ये सगळ्यांना पाठ आहे. त्याने अजून तिचा फोन नाही ना फोडला?"

"तो फोन फोडतो?"

"अय्यो, स्पॉयलर! पण मग सॉरी बोलतो ना. इतकं भारी सॉरी बोलतो!"

"तुझा फोन कुणी फोडला तर?"

तिने जराही वेळ न घेता सांगितलं, "पोलीस कम्प्लेंट. पण काकू, हे बुक आहे." आणि ती पुन्हा झोपली.

भिवंडीच्या पुढे विहानने फोन फोडला. मला संताप आला. त्यानंतरच्या प्रकरणात त्याने माफी मागितली, ती अशी आणि इतकी पानं, की मी खिडकीची काच उघडून बाहेर तोंड केलं. ती पानं मी दोनदा वाचली. पहिल्यांदा मत बनवण्यासाठी.

नालासोपाऱ्याला उतरून रिक्षा केली. "गास. चर्चजवळ सोडा," म्हटलं. शेंदूर लावलेल्या गणपतीशेजारी येशूचं चित्र चिकटवलेल्या त्या रिक्षावाल्याने मान वळवून विचारलं, "मावशी, कुठलं चर्च? इथे दर वळणावर एक हाय." मी सांगितलेल्या खुणांवरून त्याने मला भलत्याच गावच्या देवळासमोर... म्हणजे चर्चसमोर उतरवलं. तिथून पाऊण तास चालत गेले. त्याचं दुःख नाही. इमारतींची गर्दी मागे राहिली आणि केळीच्या बागा, भाजीचे वाफे, मोगऱ्याच्या रांगा सुरू झाल्या. मध्येच एखादं बावखल (शेतातलं गोड्या पाण्याचं तळं), त्यात बदकं. दारापुढच्या क्रुसाला कुणीतरी झेंडूची माळ घातलेली. मर्सी टीचरचं घर कुठे, असं मी विचारल्यावर एका आजींनी हाताला धरून फाटकापर्यंत पोचवलं.

मर्सीने मिठी मारली, पाणी दिलं, ताटलीत सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) ठेवली आणि समोर बसली. "झालं वाचून?"

"शेवटची चाळीस पानं राहिलीत."

"मग सांग."

मी वाटेत भाषण तयार केलं होतं. ते केलं. तरुण वय, शरीर, काळ बदलला, पूर्वीच्या कवींनीही काय कमी लिहिलंय, वगैरे. मी शिक्षिका असल्याने पाच मिनिटं थांबले नाही. मर्सी टेबलावरचे मीठ-मिरीचे डबे सरळ रेषेत लावत ऐकत होती.

"त्या पानांचं मला काही नाही," ती शेवटी म्हणाली. "मी काय मठातून आलेय? लग्न होऊन तीस वर्षं झाली. तू पान दोन वाचलंस का?"

वाचलं होतं. पान दोनवर रियाचं घर आहे. विहीर, तिची तडकलेली पायरी, मोगरा. मी खिडकीतून पाहिलं. विहीर होती. पायरी तडकलेली होती.

"त्याच्या खालची ओळ," मर्सी म्हणाली.

ओळ मला आठवेना. तिने पाठ म्हणून दाखवली: "'रियाची आई ती लहान असतानाच वारली होती.' माझं घर घेतलं, माझी विहीर घेतली, मोगरासुद्धा घेतला. आणि मला मारून टाकलं. एका ओळीत. वर ते पुस्तक स्वतःच्या हाताने मला आणून दिलं, आई, वाच म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. परत दिलं. तुला पाठवलं ते मी नंतर विकत आणलं."

अलिशा दुसऱ्याच दिवशी बॅग भरून गोखिवऱ्याला मैत्रिणीच्या फ्लॅटवर गेली होती. तीन आठवडे झाले होते. मी पुस्तक चारशे वेळा उलटंपालटं केलं होतं, चुंबनांवर माझं सविस्तर मत होतं, आणि ती एक ओळ मी वाचून पुढे गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोखिवऱ्याला गेले. छोट्या कारखान्यांचे गाळे, लोखंड कापायचा आवाज, त्यामागे सात मजली इमारत. अलिशाने दार उघडलं आणि मला पाहून तिचा चेहरा पडला. "मावशी, आईने तुम्हाला पाठवलं? ते सीन्स काढून टाक सांगायला?"

"मी स्वतः आले. आधी माझं ऐक. त्या मुलाने फोन फोडला तेव्हा रियाने निघून जायला हवं होतं."

"माहितेय. मोबाइलच्या ॲपवर पहिल्यांदा भागाभागाने टाकलं तेव्हा गेलीच होती. वाचणाऱ्यांनी शिव्या घातल्या. मग आणली परत."

"आणि ती माफीची पानं चांगली लिहिली आहेस." हे मी खिडकीकडे पाहत सांगितलं.

ती हसली. मग हसू गेलं. "आईला लाज वाटली ना माझी?"

मी तिला पान दोन उघडून दाखवलं. तिने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"पण... ती आई नाहीये, मावशी. कादंबरीत कुणालाच आई नसते."

"का?"

"आई असली तर ती दर तासाला फोन करणार, जेवलीस का, कुठे आहेस. मग रिया त्या ग्रंथालयात अडकणार कशी?" बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "तिला जिवंत ठेवलं असतं तर मी एक प्रकरणसुद्धा लिहू शकले नसते."

हे वाक्य कादंबरीत असतं तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. "घरी चल आणि हेच सांग," मी म्हटलं.

रिक्षात ती सगळा रस्ता नखं खात होती. मर्सी स्वयंपाकघरात बोंबील साफ करत होती. मायलेकी त्यांच्या कादोडीत (गासच्या घरांतली बोली) बोलू लागल्या. ती मला निम्मीच कळते. पण भांडण कुठल्याही बोलीत कळतं आणि रडणंही. अलिशाने ग्रंथालयाचं कारण सांगितलं असावं, कारण मर्सी एकदम थांबली, हातातली सुरी खाली ठेवली आणि वर्गात बोलायची तशा स्वच्छ मराठीत विचारलं, "कशाने मेले मी?"

"काय?"

"आजार लिहिलेला नाहीस. नुसतं वारली. लोकांना काहीही वाटेल. तुझ्या बापाने ढकललं विहिरीत असं वाटेल."

"आई, दुसऱ्या आवृत्तीत काढते मी ते. आई ठेवते."

"नको." मर्सी बोंबलाकडे वळली. "ठेवलीस तर तुझी गोष्ट अडेल. मेलेली राहू दे." तिने नळाखाली एक बोंबील धुतला. "पण ती शिक्षिका होती, एवढं तरी लिही."

अलिशा तिच्या पाठीला कपाळ टेकून उभी राहिली. मर्सीचे हात माशाचे होते, त्यामुळे तिने कोपरानेच मुलीला जवळ घेतलं. मी बाहेर जाऊन बदकं पाहिली.

जेवताना मर्सीने जाहीर केलं की 'माहीत' ऱ्हस्व 'हि'ने लिहिणं आपल्या घरात चालणार नाही, पान सत्तर आणि एकशे बारा. म्हणजे तिने पुस्तक पुरतं वाचलं होतं. पान एकशे बारावर नेमकं काय आहे ते आम्हा तिघींनाही ठाऊक होतं. अलिशाने आणखी भात घेतला.

परतीच्या एसटीत उरलेली चाळीस पानं संपवली. रिया विहानला सोडत नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याने तिला जवळ घेतलं तेव्हा बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचा राग आला. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी असा मुलगा माझ्या पसंतीस उतरावा, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

घरी ह्यांनी दार उघडलं. पुस्तकाचं कव्हर प्रवासात फाटलं होतं, तो बटणांचा तरुण बाहेर आला होता. ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आवडलं का?"

तीस वर्षं मी मुलांना 'एका वाक्यात उत्तरे लिहा' असा प्रश्न घातला. ह्यांना मी आधी चहा टाकायला सांगितलं.