सतरा नंबरची पेटी

महिपतीला कुणी विचारलं, "काय काम करता?" की तो सांगायचा, "दगड सांभाळतो." समोरचा हसायचा. हसू दे. सत्तावीस वर्षं या माणसानं दगड सांभाळले, आणि माणसं सांभाळायचा पगार घेणाऱ्यांनी काय दिवे लावले ते पुढं येतंच आहे.

डोंगरातून बोगदा काढायचा म्हटलं की आधी बोअर मारतात आणि आतला खडक उसाच्या कांड्यांसारखा गोल-गोल वर काढतात. त्या कांड्या लाकडी पेटीतल्या खाचांत क्रमानं मांडायच्या, कुठली किती मीटरवर निघाली ते ठोकळ्यावर लिहायचं आणि प्रत्येक कांडीवर पिवळ्या रंगानं एक बाण काढायचा. बाणाचं टोक कायम खाली, पाताळाकडे. महिपतीचं काम एवढंच. विश्रांतवाडीच्या पुढं कंपनीचं पत्र्याचं गोदाम होतं, त्यात अकराशे पेट्या. एक बाण उलटा दाखवा, मिशी काढून देतो, असं तो खुशाल म्हणायचा.

पेटी दाखवायची तर आधी तांब्याभर पाणी शिंपडायचं, हा त्याचा नेम. कोरडा खडक सगळाच चांगला दिसतो, ओला झाला की त्याच्या भेगा आणि खोड्या बाहेर येतात. ही सवय इतकी हाडात भिनलेली की एकदा रस्त्याकडेच्या पाथरवट बाईकडं बायकोसाठी पाटा घ्यायला गेला, तर तिथंही बाटली उपडी केली. बाई म्हणाली, "अहो, पाटा घेताय का त्याला आंघोळ घालताय?"

तर, हा जो रेल्वेचा नवा मार्ग होणार होता, तो राष्ट्रीय प्रकल्प. कर्ज परदेशी बँकेचं, भाषणं आपल्या लोकांची. वारज्याच्या पलीकडं डोंगराच्या पोटातून त्याचा बोगदा जायचा होता. तिथं मारलेला सतरा नंबरचा बोअर महिपतीला पाठ होता. वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण, आणि मध्ये एकतीस मीटरवर दोन मीटरचा तांबडा थर. कोरडा असताना विटेसारखा टणक. पाणी लागलं की चहात बुडवलेल्या बिस्किटाची गत. आणि हा थर बरोब्बर बोगद्याच्या छतावर. त्याच्यावर डोंगरपायथ्याची चाळीस घरांची वस्ती. त्यातलं एक घर सरुआक्काचं.

सरुबाई म्हणजे महिपतीची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. आक्कानं त्याला कडेवर घेऊनच भाकऱ्या थापल्या.

महिपतीनं तांबड्या थराचं तेव्हाच प्रकल्पाच्या मोठ्या अभियंत्यांच्या, सलिल साहेबांच्या, कानावर घातलं होतं. "अहवालात येईल," साहेब म्हणाले. कसलं येतंय! तीन वर्षं गेली, खर्च दुप्पट झाला, दिल्लीत आरडाओरडा झाला, आणि मग संसदेची समिती चौकशीला निघाली. कर्ज काढण्याआधी जमीन नीट तपासली होती का, हा तिचा पहिलाच प्रश्न. समिती स्वतः गोदामात येऊन पेट्या बघणार होती.

महिपतीनं नवा शर्ट शिवला. वारज्याला जाऊन आक्काला म्हणाला, "येऊ दे दिल्लीची माणसं. सतरा नंबर मी माझ्या हातानं दाखवतो. एकदा त्यांनी बघितलं की बोगदा तरी सरकेल, नाहीतर तुम्हाला दुसरीकडं घरं तरी देतील."

"खरं म्हंतोस?" आक्का म्हणाली.

"अगं, संसद आहे ती. ग्रामपंचायत नव्हे!"

भोळा. दुसरा शब्द नाही.

समिती यायच्या आदल्या दुपारी सलिल साहेब दोन तरुण इंजिनिअर घेऊन गोदामात आले. "महिपतराव, सतरा नंबर जरा नीट करू या."

"नीटच आहे की साहेब."

साहेबांनी त्या पोरांना मानेनं खूण केली. त्या दोघांनी तांबड्या कांड्या उचलून पोत्यात भरल्या आणि चाळीस नंबरच्या पेटीतल्या काळ्याभोर, तुकतुकीत कांड्या त्या जागी मांडल्या.

"साहेब, हे पाप आहे."

"पाप कसलं? प्रेझेंटेशन असतं हे. आणि ते पोतं फेकून द्या."

पोतं त्यानं फेकलं नाही, टेबलाखाली सरकवलं. पण तोंडातून पुढं एक अक्षर काढलं नाही. दोन वर्षांवर निवृत्ती, तोंड उघडून काय मिळणार, असा हिशोब मनात झालाच. तो झाला म्हणून त्याला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी अकरा गाड्या आल्या. गोदामात गालिचा. हो, दगडांच्या गोदामात गालिचा! शाल, श्रीफळ, अध्यक्षांच्या डोक्यावर पुणेरी पगडी, काजूकतलीची ताटं. चौकशीला आलेली माणसं ज्याची चौकशी त्याच्याच ताटातली काजूकतली खात होती. एकूण वीस मिनिटं समिती तिथं होती, त्यातली बारा फोटोंत गेली.

एक विदर्भाकडच्या खासदार बाई मात्र पेटीवर वाकल्या. त्यांच्या माहेरी विहिरी खोदायचं काम, दगड त्यांना परका नव्हता. "हे बाण कशाचे?" त्यांनी विचारलं.

"खालची दिशा, बाईसाहेब," महिपती म्हणाला.

"मग या सात कांड्यांचे बाण वर कसे?"

महिपतीनं बघितलं. अरे देवा! इंजिनिअर झालेल्या त्या पोरांनी सात कांड्या उलट्या बसवल्या होत्या. लाखाचे पगार, आणि वर कुठलं, खाली कुठलं, हे कळेना.

सलिल साहेबांची पापणीसुद्धा हलली नाही. "सॉरी मॅडम. आमच्या स्टोअरकीपरची चूक. वय झालंय त्यांचं."

चोर तो चोर, वर शिरजोर! महिपतीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आक्काच्या घरासाठी काल जे तोंड उघडलं नव्हतं, ते एका बाणासाठी उघडलं. हे त्यालाही पुढं फार लागलं.

"माझा बाण सत्तावीस वर्षांत चुकला नाही!" तो ओरडला. टेबलाखालचं पोतं ओढून त्यानं गालिच्यावर उपडं केलं आणि वर तांब्या ओतला. "हा बघा खरा सतरा नंबर! बोगद्याच्या डोक्यावर हे आहे. आणि याच्या डोक्यावर माणसं राहतात!"

तांबड्या कांड्या फसफसल्या, फुटल्या, त्यांचा चिखल झाला आणि तो ओघळत अध्यक्षांच्या पांढऱ्या बुटाला जाऊन लागला. बाईंनी चिमूटभर माती बोटांत चुरडून बघितली. त्यांचा चेहरा बदलला. महिपतीला वाटलं, झालं काम.

अध्यक्ष खाली बघून म्हणाले, "अरे, कपडा लाओ भाई."

तिघं फडकी घेऊन धावले. एकानं चक्क गुडघे टेकले.

"सर, याचं सविस्तर लेखी उत्तर पंधरा दिवसांत सादर करतो," सलिल साहेब म्हणाले. लेखी उत्तर म्हटलं की प्रश्नावर पांढरी चादर पडली समजायचं. अध्यक्षांनी मान डोलावली. जेवण थंड होत होतं. बाईंनी कागदी रुमालाला बोटं पुसली, "मी बघते हं," म्हणाल्या आणि त्याही जेवायला गेल्या.

महिपतीला त्याच संध्याकाळी घरी बसवलं. अडीच महिन्यांनी समितीचा अहवाल आला. गोदामातल्या कारकुनानं, उत्तरेश्वरनं, त्यातला परिच्छेद त्याला फोनवर वाचून दाखवला.

"समितीने पेटी क्रमांक सतराची पाहणी केली. काही नमुन्यांवरील बाण उलटे आढळले. संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात आली आहे. अन्य व्यवस्थेबाबत समिती समाधान व्यक्त करते."

"खाली सह्या कुणाच्या?"

"सगळ्यांच्या. त्या बाईंची तिसरी आहे."

थू! म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या आठवड्यात परदेशी बँकेनं पुढचा हप्ता सोडला, आणि डोंगराच्या पलीकडच्या अंगाला यंत्रं येऊन उभी राहिली.

मग तो वारज्याला गेला. आक्का दारात तांदूळ निवडत बसली होती. त्याला बघून सूप बाजूला ठेवलं, पाणी दिलं.

"काय रं महिपा, लई दिसांनी? आली व्हती का ती दिल्लीची माणसं?"

"आली होती."

"मग? बघितली का त्यांनी आपली माती?"

महिपतीनं हातातल्या तांब्याकडं बघितलं. पाणी त्याला पिववेना.

"बघितली आक्का. तुझ्या घराखालची माती दिल्लीच्या मोठ्या साहेबाच्या बुटाला लागली होती."

"आन्?"

"पुसली."