दहापैकी सात

शर्ट काढ, म्हणाले. काढला. खाली बस, म्हणाले. बसलो.

"आता ऊठ."

मी सरळ उठत नाही. आधी पालथा होतो. दोन्ही तळवे लादीवर टेकतो, ढुंगण वर करतो. मग एक हात गुडघ्यावर, मग दुसरा. मग मांड्या धरत धरत, आपल्याच अंगावर चढल्यासारखा वर येतो. घरी हे कोणी बघत नाही. म्हणजे दिसतं, पण बघत नाहीत.

रत्नागिरीतल्या त्या हॉलमध्ये सगळे बघत होते. पांढरे कोट घातलेली मुलंमुली, माझ्याच वयाची. हातात मोबाईल.

"सर, रेकॉर्ड नाही झालं," एक जण म्हणाला.

"अजून एकदा," मोठे डॉक्टर म्हणाले. मला नाही, आईला. "सांगा त्याला."

आई माझा शर्ट छातीशी धरून उभी होती. "बाबू, बस पुन्ना," ती म्हणाली.

मी बसलो.

हे लिहावं की नाही, ते बरेच दिवस ठरत नव्हतं. लिहितो आहे, कारण त्यानंतर जे झालं ते आमच्या घरात आजही कोणी बोलत नाही.

माझे स्नायू झिजत जातात. आजार आईकडून येतो आणि मुलग्यांना होतो. माझ्या मोठ्या मामाला होता. तो गेला. तेव्हापासून आई माझ्या पायांकडे बघते ती गुन्हेगारासारखी. मला ते आवडत नाही, पण तिला कसं सांगायचं ते कळत नाही.

आमचं गाव गुहागर तालुक्यात, हेदवीच्या आत. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. रत्नागिरीत धाकट्या मामाकडे, मिरकरवाड्यात राहतो. मामा बर्फाच्या कारखान्यात आहे. मुंबईहून डॉक्टर येणार, शिबिर होणार, ही बातमी त्यानेच आणली. "ज्याची हालत जास्त वाईट, त्याला बॅटरीची खुर्ची देतात," तो म्हणाला. "तायडे, तिथं रडायचा. लाजू नको."

मामाचंही चुकत नव्हतं. अपंगत्वाचा दाखला काढताना आम्ही हेच शिकलो होतो. जरा जास्त लंगड, म्हणजे टक्के वाढतात. टक्के वाढले की काहीतरी मिळतं. चांगलं दिसलं की काहीच मिळत नाही.

आणि खुर्ची मला हवी होती. खरंच हवी होती. कॉलेजला मित्र स्कूटरवर नेतो. "चल रे म्हाताऱ्या," म्हणतो आणि थांबतो. तो आला नाही की मी घरी. मला एकट्याला जायचं होतं.

तर मी लादीवर उघडा बसलेला. पांढऱ्या कोटातली एक मुलगी कागद घेऊन आईजवळ गेली. जीवनमानाचे प्रश्न आहेत, म्हणाली. आईला वाचता येत नाही. मला येतं. प्रश्न मराठीत होते. पण ती मुलगी माझ्या डोक्यावरून आईलाच वाचून दाखवत राहिली.

"तो आनंदी असतो का?"

"कसला आनंद, बाय. रातचा रडत असतो."

मी वर बघितलं.

"मित्र आहेत?"

"कोण नाय. कोण येत नाय, जात नाय."

"आवडीचं काही करतो?"

"नुसता बसून असतो."

शिमग्यात गावच्या नमनाच्या खेळात मी मागे बसून गातो. गळा बसेपर्यंत गातो. पहिल्या रांगेत बसून ऐकणारी हीच आई. आता ती पदर डोळ्याला लावून माझं आयुष्य पुसत होती. माझ्यासाठीच पुसत होती. म्हणून मी गप्प राहिलो.

"शेवटचा प्रश्न. एकंदर आयुष्य कसं आहे? शून्य ते दहा."

आई गोंधळली. मोठ्या डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "किती सांगू, सायब?"

ते पुढच्या पेशंटकडे निघाले होते. मागे न वळता म्हणाले, "दोन लिही. अशा आयुष्याला दोनसुद्धा जास्तच झाले."

मुलीने पेन टेकवलं.

"सात," मी म्हणालो.

आवाज फार मोठा नव्हता. पण डॉक्टर वळले.

"सात? अरे, माझं स्वतःचं सहा आहे!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. घाबरून.

"मग ऊठ बघू, सातवाले. हात न टेकता."

"बाबू, गप," आई पुटपुटली.

मोबाईल परत वर झाले. खुर्ची डोळ्यांसमोर होती, आणि तिच्यासमोर मी, लादीवर.

"हात न टेकता उठता येत नाही," मी म्हणालो. "तरी सात. सकाळी घरून निघालो तेव्हा आठ होते."

कोणी हसलं नाही.

"दोन लिहायचे असतील तर वर तुमचं नाव लिहा. माझ्या नावापुढे सात. आणि मोबाईल खाली घ्या. मग उठतो."

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "ॲटिट्यूड बघा," मुलांना म्हणाले. "नेक्स्ट." आणि गेले. मुलं त्यांच्या मागे गेली.

आईकडून शर्ट घेतला. बसूनच घातला, सगळी बटणं लावली. मग उठलो. माझ्या पद्धतीने.

दाराशी ती कागदवाली मुलगी होती. मी विचारलं, "खुर्चीचं कधी कळेल?"

"कसली खुर्ची?" तिला खरंच माहीत नव्हतं. "हा तर सरांचा अभ्यास आहे. फक्त माहिती घेतोय."

"काय लिहिलंत?"

तिने कागद छातीशी धरला.

रिक्षात आई बाहेर बघत होती. बंदराचा वास यायला लागला तेव्हा म्हणाली, "मग मी ता सगळा कशाला बोलले?"

तिचा हात धरावा असं वाटलं. धरला नाही. रात्री रडतो, हे तिचं वाक्य अजून कानात होतं. आणि ते आता कुठल्या तरी अभ्यासात खरं म्हणून जाणार होतं.

पुढचं शिबिर लागलं की मी जाणार आहे. शर्ट घालून. खुर्ची मागणार आहे, कारण ती मला लागते. रडून मागणार नाही. आहे त्याहून जास्त लंगडणार नाही, कमीही लंगडणार नाही. आई शेजारी बसेल, बाकावर. मला खाली बसवायचं असेल तर विचारणाऱ्यानेही खाली बसायचं. आणि प्रश्न मला विचारायचा.