मांडीखालची कात्री

आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ज्याचं नावही कधी विचारलं नाही, त्या माणसाबद्दल मी लिहावं का, कळत नाही.

अड्यारला माझ्या खोलीखाली त्याचं औषधांचं दुकान आहे. तो तंजावरकडचा मराठी; मला तमिळ वळणानं 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतो. गोळ्यांची पट्टी कापायची कात्री सतत त्याच्या हातात असते. पण कुणी चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागितलं, की तो ती मांडीखाली सरकवून वर बसतो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मला सर्दी झाली.

"काका, दोनच गोळ्या कापून द्या ना."

"सर्दीवर ही चालत नाही, तंबी. जंतू मात्र तिला सरावतात. सगळी गल्ली अशी खात सुटली, तर मला खरी गरज पडेल तेव्हा ती काय कामाची? माझ्यासाठी राखा की!"

मागच्या बाईंनी तमिळमध्ये त्याला स्वार्थी म्हटलं. तो खूश झाला. माझी सर्दी आपोआप गेली.

गेल्या आठवड्यात त्याच्या पायाची जखम चिघळली, ताप चढला. तिच्यातल्या जंतूंवर कोणतं औषध चालेल, याचा अहवाल येईना. तो कात्री बाजूला ठेवून नुसता फोनकडे बघत बसे.

काल मी साबण घेत असताना फोन वाजला. ऐकून तो लंगडत उठला आणि आम्हा सगळ्या गिऱ्हाइकांना त्यानं हात जोडले.

"राखलीत की! जुनी, साधी गोळीच चालते म्हणे."